तीनशेच्या आतलं कुलूप

मी, वय एकोणसत्तर, धंद्याने मोटरसायकल मेकॅनिक, पूर्ण शुद्धीत आणि डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण मुलीचं आहे, पण ते कायद्यात बसत नसावं.

कारण असं. माझ्या गाडीचं इंजिन आणखी पळू शकतं, पण वेगाचा काटा २९९ वर गेला की आतला कॉम्प्युटर तिला पुढे जाऊ देत नाही. कंपन्यांनी हे आपसात ठरवलं. मला कोणी विचारलं नाही! ते कुलूप काढणं मुलीच्या हातचं काम, तिचा धंदाच तो. उद्या सकाळी विमानांची जुनी धावपट्टी आम्हाला मिळाली आहे. मुलगी म्हणाली, "बाबा, आधी मृत्युपत्र, मग कुलूप." म्हटलं, आण कागद! कधी एकदा सकाळ होते असं झालंय मला.

१. घर आणि बँकेत जे असेल ते पत्नीचं. ती आतून विचारते आहे, "अहो, संपला का तमाशा?" नाही संपला.

२. हत्यारं मुलीची. मेहुण्यांनी त्यांना बोटही लावू नये. नट किती आवळायचा हे मोजणाऱ्या माझ्या पान्याने त्यांनी एकदा भिंतीत खिळा ठोकला होता.

३. गॅरेजच्या शटरवरचा '३००' हा आकडा माझ्यामागे पुसावा. काटा २९९ ला टेकलेला पाहिला आणि एक आपल्या पदरचा घालून मी तो हौसेने रंगवला. मग मुलीने धावपट्टीवर वेग मोजायचं यंत्र लावलं. खरा वेग निघाला २८६. काटा थोडं वाढवूनच दाखवतो, हे मी गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आलो आणि स्वतःच फसलो. मेहुणे अजून मला 'तीनशेराव' म्हणतात. उद्या त्यांचे दात घशात घालायचे आहेत.

४. गाडी मुलीची. अट एकच: माझ्यामागे कुलूप पुन्हा बसवावं आणि कधीही काढू नये.

इथे मुलगी खांद्यावरून वाचत होती. "वा रे वा! मला कुलूप आणि तुम्हाला मोकळं रान?"

"तुझं अख्खं आयुष्य पडलंय पुढे."

"मग मलाही एक कोरा कागद द्या. उद्या तुमच्यानंतर मी जाणार आहे, तशीच, कुलपाशिवाय."

आणि बसली की समोर! लिहिलं, 'मी, वय बत्तीस'. ती पुढचं लिहिणार, तोच मी कागद ओढून घेतला.

५. सबब कलम चार दुरुस्त करतो. कुलूप आजही निघणार नाही. उद्या आम्ही दोघं कुलपासकटच जाऊ. आधी ती. अहो, २८६ ला काय वारा कमी लागतो? अंगावरचं जाकीट फाटेल की काय असं वाटतं! मेहुण्यांनी खुशाल हसावं.

६. मुलीचा अर्धा राहिलेला कागद माझ्या कपाटात आहे. त्यावर वयापुढे काही लिहिलेलं नाही. मी असेपर्यंत लिहू देणार नाही.

सही: (डाव्या हाताची, उजव्यात कपाटाची किल्ली घट्ट धरलीय)
साक्षीदार: १. शेजारचे रंगारी २. आमचे डॉक्टर, रक्तदाब तपासून
स्थळ: गॅरेज, गाडीशेजारचं बाकडं
दिनांक: आजचा, शनिवार, दुपारी चार