कस्तुरीबाईंच्या नावची नोटीस

मी, श्रीहरी गेनू वाघचौरे, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवी नापास, जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागातला निवृत्त शिपाई, हल्ली मुक्काम मुलगा सुशांत याच्या घरी, कोतो, तोक्यो, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कुणी दमदाटी केलेली नाही. छातीचे ठोके अधूनमधून चुकतात. गॅस बंद आहे का ते मी रोज चार वेळा बघतो, त्यावर सून प्रणिता हसते. पण हा मजकूर मी स्वतः, माझ्या हाताने लिहिला आहे.

१. गावाकडची दोन खोल्यांची जागा मुलगी रेखा हिला द्यावी. सुशांतने हक्क सांगू नये. त्याला पुण्याला ठेवून शिकवले, तिला डी.एड. झाल्याबरोबर उजवून टाकले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे, ते घाईत वाचू नये.

२. बँकेत जे असेल ते दोघांत निम्मे. मनगटी घड्याळ नात पूर्वीला. ती मला जपानीत उत्तर देते. मला कळत नाही, पण ती रागावलेली नाही एवढे आवाजावरून समजते.

३. माझा पितळी बिल्ला मोहन लोणकर याला देऊ नये. तो मागेल. अध्यक्षांच्या बंगल्यावर भाजी पोचवून तो माझ्याआधी शिपायांचा नाईक झाला. बिल्ला घासून पुसून ठेवण्याची त्याला कधीच अक्कल नव्हती.

४. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सुशांतला आणि पूर्वीला जिल्हा परिषद म्हणजे काय ते माहीत नाही, म्हणून आधी सांगतो. जिल्ह्याचे गट पाडतात, प्रत्येक गटातून लोक एक सदस्य निवडून देतात. आमच्याकडे एकसष्ट होते. पंचायत समित्यांचे सभापतीही येऊन बसतात. सदस्य आपल्यातून अध्यक्ष निवडतात आणि शिक्षण, बांधकाम अशा समित्यांना सभापती. ठरवायचे सदस्यांनी आणि राबवायचे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी. तीन महिन्यांतून एकदा सर्वसाधारण सभा होते. तिची नोटीस पंधरा दिवस आधी प्रत्येक सदस्याच्या हातात पडली पाहिजे आणि पोचवहीवर त्याची सही आली पाहिजे. ती वही घेऊन बत्तीस वर्षे मी फिरलो. सही नसेल तर सभेवर हरकत येते, म्हणून साहेब मला म्हणत, "श्रीहरी, सही आण, बाकी मला सांगू नकोस."

बायकांसाठी जागा राखीव झाल्या तेव्हा बाई निवडून यायची आणि नोटीस तिचा नवरा घ्यायचा. सहीही तोच ठोकायचा, बायकोच्या नावाने. सगळे शिपाई ती चालवून घेत. मीही घेतली.

५. कस्तुरीबाई शेलार २००९ साली आमच्या सदस्या होत्या. पहिली दोन वर्षे त्या सभेत खाली मान घालून बसल्या. मग बोलायला लागल्या. त्यांच्या गटातल्या एका शाळेची खोली क्रमांक तीन धोक्याची होती. उपअभियंते बघायला आले तेव्हा मी दुसऱ्या एका कागदासाठी तिथे गेलो होतो. त्यांनी लहान हातोडीने खांब ठोकला. आवाज पोकळ आला. अहवालात त्यांनी लिहिले, खोली पाडावी. सरकारी इमारत पाडायची तर आधी सभेत ठराव लागतो. बाईंनी तो अहवाल मला दिला आणि म्हणाल्या, "श्रीहरीभाऊ, घरी ठेवला तर राहायचा नाही. आवकच्या टेबलाला देऊन शिक्का आणा."

दुसऱ्या दिवशी सभेची नोटीस घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. फाटकाशी त्यांचे यजमान विजयकुमार उभे होते. बाईंचीच सही लागेल असे मी म्हणालो. ते हसले.

"आजवर कुणाची चालली रे? आण इकडे."

त्यांनी सही केली. मग विचारले, तिने आणखी काही दिलेय का. मी नाही म्हणालो. अहवाल माझ्या पिशवीत होता. तो आवकला दिला तर कुणी दिला हे त्यांना कळणार, म्हणून दिला नाही. आज देऊ, उद्या देऊ करत राहिलो. सभा झाली, बाईंना सभेचा पत्ताच नव्हता. खोली दुरुस्त करावी असा ठराव एका मिनिटात मंजूर झाला. काम कुणाला मिळाले ते इथे लिहीत नाही, गावाला माहीत आहे.

बाई मला जिन्यात भेटल्या. आवाज चढवला नाही.

"श्रीहरीभाऊ, मतं मला पडली होती. सही कुणाची घेतलीत?"

साहेबांना चहा द्यायचाय असे सांगून मी खाली उतरलो. पुढच्या निवडणुकीला त्या उभ्या राहिल्या नाहीत. त्यांची माफी मी मागितलेली नाही. माझ्यामागे सुशांतने त्यांच्या घरी जाऊन हे कलम त्यांना वाचून दाखवावे, यजमानांच्या देखत.

६. गेल्या महिन्यात या इमारतीच्या समितीने भूकंपासाठी तपासणी काढली. प्रत्येक घराच्या पेटीत चिठ्ठी आली. यंदा समितीवर सुशांतची पाळी आहे. जो सभेला येत नाही तो आपले मत दुसऱ्याला दिल्याचा कागद भरतो, पण त्यावर आपल्या नावाचा शिक्का, म्हणजे इथली सही, स्वतः मारतो. मग दोन माणसे आली आणि जिन्यातले खांब हातोडीने ठोकत वर चढली. तिसऱ्या मजल्यावर एका ठिकाणी आवाज बदलला. त्यांनी खडूने गोल केला आणि आठवड्यात ते काम झाले. माझी झोप मात्र तेव्हापासून गेली.

त्यातच रेखाची बदली कस्तुरीबाईंच्या गटातल्या त्याच शाळेत झाली. तिने मंगळवारी फोनवर नवा वर्ग दाखवला. म्हणाली, "नाना, बघा, सोमवारी शाळा उघडायच्या आत किती छान रंगवलाय." भिंतीवर मोर काढला होता. दारावर तीनचा आकडा होता. मी म्हणालो, छान आहे.

७. उपअभियंत्यांचा मूळ अहवाल माझ्या बॅगेच्या अस्तरात आहे. तो माझ्या मृत्यूनंतर रेखाने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्यावा.

८. हे कलम आज वाढवले आहे. साक्षीला शेजारचे अंबरीष चिपळोणकर आणि त्यांच्या पत्नी सोनल यांना बोलावले होते. अंबरीषने सही करण्याआधी सगळे वाचले आणि पेन खाली ठेवले. म्हणाला, "काका, शाळा उद्या उघडतेय. तुम्ही मरायची वाट कुणी बघायची?"

म्हणून कलम सात रद्द. अहवाल आजच बाहेर काढला. सुशांतने वाचून त्याचे फोटो काढले. मी रेखाला फोन लावला आणि सगळे सांगितले. तिने लगेच मुख्याध्यापकांना विचारले. वरून लेखी आल्याशिवाय वर्ग बंद ठेवता येणार नाही आणि प्रवेशोत्सव त्याच वर्गात आहे, पाहुणे ठरलेत, असे ते म्हणाले.

लेखी कसे येते ते मला ठाऊक आहे. शाळेतून तालुक्याला, तालुक्यातून शिक्षण विभागाला, तिथून बांधकामला. पूर्वी एकसष्टांतला एखादा तरी सभेत उठून ओरडायचा आणि कागद पळायचा. तीन वर्षे झाली, निवडणूक नाही, सदस्य नाहीत. प्रशासक हेच अध्यक्ष, तेच समित्या, तेच सभा. आज रविवार आहे, ते कार्यालयात नाहीत.

रेखाला म्हटले, मुलांना बाहेर बसव, काय व्हायचे ते होऊ दे. ती म्हणाली, "एकतीस मुलं आहेत, नाना. मी बसवीन. पण मी प्रार्थनेला मैदानात असते, वर्ग उघडून पोरांना आत घेतात ते दुसरेच." मग विचारले, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

सोळा वर्षे, असे मी सांगितले. तिने फोन ठेवला. त्यानंतर तीन वेळा लावला, उचलत नाही. तिकडे आत्ता दुपारचे दोन वाजले आहेत. शाळा उद्या साडेदहाला भरते.

वरील सर्व मजकूर खरा आहे. खोटी सही मी घेतली आणि अहवाल मी दडवला. चौकशीत दुसऱ्या कुठल्याही शिपायाला धरू नये, मोहन लोणकरलाही नाही.

सही : श्रीहरी गेनू वाघचौरे
स्थळ : कोतो, तोक्यो
रविवार, १५ जून २०२५, सायंकाळी साडेपाच

साक्षीदार : वाघचौरे काकांनी आम्हा दोघांसमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर. अहवालाचे फोटो सुशांत यांनी पाच वाजून चाळीस मिनिटांनी रेखाताई, मुख्याध्यापक आणि प्रशासकांचे कार्यालय यांना पाठवले. सव्वासातपर्यंत ते तिघांपैकी कुणीही उघडलेले नाहीत.

१. अंबरीष चिपळोणकर
२. सोनल चिपळोणकर