तिसऱ्या दिवसाचा पाहुणा

नोव्हेंबर ६

दारात म्हातारा! पाय सुजलेले, अंगात कणकण. नाव मत्तन. म्हणे गालीलात प्रभूबरोबर फिरलोय, प्रेषित आहे, गावोगाव त्याचं सांगत हिंडतो, पुढे अपामियाला जायचंय, तिथली ख्रिस्ती मंडळी वाट बघतेय.

बायको — मेल्तिने — कानात पुटपुटली, "मागचाही असंच म्हणाला होता." खरं आहे. मागचा महिनाभर जेवला आणि जाताना माझं पांघरूण घेऊन गेला! तेव्हापासून आमच्या लावदिकियाच्या मंडळीचा नियम — प्रेषिताने दोन रात्री राहावं. तिसरी राहिला तर तो खोटा.

मसुराची आमटी वाढली. दोनदा मागून घेतली.

नोव्हेंबर ७

ताप चढलाय. तरी मंडळीपुढे बोलला. लोकांना चमत्कार हवे होते. हा सांगत बसला, चालून चालून प्रभूच्याही टाचांना भेगा पडायच्या. दियोक्लेस, आमच्या मंडळीचे प्रमुख, नाक मुरडून म्हणाले, "हे कोणीही सांगेल."

मला उलटंच वाटलं. मी गुलामीत लोकर पिंजली, सुटल्यावर स्वतःचा कारखाना थाटला. बाजारात थापा ऐकून ऐकून कान तयार झालेत. थापा मारणारा टाचांच्या भेगा सांगत नाही.

नोव्हेंबर ८

त्याला उभं राहवेना. दियोक्लेस सकाळीच हजर. "एपिगोनोस, नियम तुझ्याच पांघरुणापायी झाला. आता तूच मोडणार?"

काम करून खाणाऱ्याला मात्र आमच्यात मुभा आहे, कितीही राहा. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, एवढंच म्हणा — मी प्रेषित नाही, लोकर निवडायला आलोय. थंडी सरेपर्यंत राहा."

"आणि गालीलात होतो, ते?"

"ते आपल्या दोघांत."

हसला. "प्रभूला धरून नेलं त्या रात्री आमच्यातल्या एकाने भीतीपोटी शेकोटीपाशी म्हटलं होतं, मी त्याला ओळखत नाही. तेवढ्यात कोंबडा आरवला. पुढे कोंबडा आरवला की भरल्या ताटावरून उठायचा." आणि वहाणा चाचपू लागला.

बाहेर पाऊस. मेल्तिनेच्या डोळ्यांत पाणी. "अहो, वाटेत मरेल तो!" मग तिलाच सुचलं — नियम घराचा आहे, गाडीचा कुठाय? खेचर जुंपलं. दियोक्लेस ओरडले, "लबाडा!" — पण गाडीत अंथरायला गवताचा भारा त्यांनीच आणून टाकला.

नोव्हेंबर ९

कलस्सैच्या वाटेवर. चाक चिखलात रुतलं. म्हाताऱ्याला लोकरीच्या गाठोड्यांत निजवलंय. सारखा गालीलातलं, प्रभूचं सांगतोय.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय, बाबा."

"मग परत सांग."

सांगितलं. एके ठिकाणी जरा तिखटमीठ लावलं. लगेच डोळे उघडले — "असं नव्हतं!"

नोव्हेंबर ११

पहाटे गेला. कलस्सैबाहेर अंजिराखाली पुरला. तिथल्या मंडळीतले चौघे आले, माती लोटली, पांगले.

खेचराचं तोंड घराकडे वळवलं. लगाम हातात धरून बसून राहिलो. माल खोळंबलाय, मेल्तिने वाट बघत असेल. अपामियाचे लोकही वाट बघत असतील — त्याची.

मेल्तिनेला निरोप धाडला.

नोव्हेंबर १५

अपामिया. एका म्हातारीने दार उघडलं. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "प्रेषित का? किती दिवस?"

"दोन, आजी. तिसऱ्या दिवशी इथे दिसलो तर हाकला."