हे म्हणजे कोण?

ता. ४

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

शाळेत तुम्ही रोज पोरांच्या गोंगाटावर आवाज चढवता, म्हणून तुम्हालाच विचारते. येत्या सोमवारी पावाच्या कारखान्यात ह्यांच्या अपघाताची चौकशी आहे. मालकांचं म्हणणं, कणीक मळायचं यंत्र बंद न करताच हे साफ करायला आत उतरले, तेव्हा चूक ह्यांचीच. पण मी त्या सकाळी पाव बांधायला जाताना स्वतः पाहिलं होतं. ह्यांनी बटण बंद करून त्यावर 'चालू करू नये'ची लाल पाटी अडकवली होती. बाकी कुणी बोलायला तयार नाही. आणि मी चार माणसांत तोंड उघडलं की जीभ टाळूला चिकटते.

वाचनालयातून भाषणकलेचं पुस्तक आणलं. त्यात म्हटलंय, समोर रिकाम्या खुर्च्या आहेत असं समजा. वन्सं, मला माणसांपेक्षा रिकाम्या खुर्चीचीच धास्ती. घरात एक आहे.

काल कामगार संघटनेच्या सेक्रेटरींनी रंगीत तालीम घेतली. मी म्हणाले, ह्यांनी हे बंद केलं, मग हे आत गेले, तर हे चालू कुणी केलं? त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, बाई, यातलं यंत्र कुठलं आणि नवरा कुठला? सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन भांडी घासताना रडले.

लोभ आहेच, सध्या जरा जास्त लागेल.
तुमची
वहिनी

ता. ७

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादा गेल्यापासून तुझ्या पत्रावर पहिल्यांदा हसले, आणि मग माझीही तीच गत झाली.

आता शिकवणी ऐक. पाय घट्ट रोव. शेवटच्या रांगेतला एक माणूस धर आणि त्याला ऐकू जाईल असं, सावकाश बोल. ओळखपाळख करत बसू नकोस, सरळ मुद्द्यावर ये. रडू नकोस. तू रडलीस की ते पाणी देतील आणि खाली बसवतील.

आणि दादाचं नाव घे. लहानपणी गल्लीच्या टोकावरून मी त्याच्या नावानं बोंब ठोकायचे, त्यानं तो काही झिजला नाही. तुझा 'हे' कुणाच्याही माथी मारता येईल. नाव येणार नाही.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी नणंद

ता. ९

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

बाकी सगळं जमतं, नाव जमत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. 'हे' म्हटलं की माणूस हाताशी असतं. नाव घेतलं की पुढे 'होते' लावावं लागतं.

घाईत आहे. राग नसावा.
वहिनी

ता. १२

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

काल चौकशी झाली. कारखान्याच्या जेवणघरात, टेबलं भिंतीला सारून. मी पाय रोवले, शेवटच्या रांगेतला भट्टीवाला धरला आणि नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट. आवाज माझा मलाच परका वाटला. म्हणाले, यंत्र त्यांनी बंद केलं होतं. पाटी त्यांनी लावली होती, मी पाहिली. ती काढली कुणी, ते विचारा. पाळीचा मुकादम छताकडे बघत बसला. चौकशीचे साहेब लिहायचे थांबले आणि त्यांनी मुकादमाला पुन्हा हजर राहायला सांगितलं. मालक त्याला काय पढवतील कोण जाणे. भट्टीवाला जाताना माझ्याशी बोलला नाही, त्यालाही नोकरी आहे.

सेक्रेटरी मात्र खूश. म्हणाले, वकिलानं झक मारावी असं बोललात.

तुम्ही शिकवलंत तसंच सगळं केलं वन्सं, एकदाही अडखळले नाही. खाली बसणार, तोच साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, बाई, साक्ष अगदी स्वच्छ दिलीत, पण तुम्ही मयताच्या कोण?

तेवढं मी पाठ केलं नव्हतं.

आठवण काढत जा.
तुमची
वहिनी