औषधाला गुण नाही

३ ऑक्टोबर
आले बाई एकदाची! टेकडीवरचं शेवटचं घर, पांढरं, दोन मजली. माझी खोली वर. खिडकीत उभं राहिलं की खालची वस्ती आगपेट्या मांडून ठेवल्यासारखी दिसते. इतकी वर्षं वॉर्डात पळून पळून तळपायांची सालं निघाली होती. इथे पेशंट एकच, आणि तोही खुर्चीत बसून पेपर वाचणारा! आईला सांगितलं तर ती म्हणेल, नोकरीला गेलीस की हवा खायला?

पेशंट म्हणजे साहेब. औषधांच्या कारखान्याचे मालक होते, आता कारखाना विकून घरीच असतात. मधुमेह आहे आणि डाव्या पायाला चिघळलेली जखम. ड्रेसिंग करायचं, ताप बघायचा, वेळेवर कॅप्सूल द्यायची, एवढंच माझं काम. त्यांची बायको, म्हणजे बाई, फार मऊ बोलतात. चहा त्यांनी स्वतः आणून हातात दिला. याशिवाय स्वयंपाकाच्या मावशी आणि ड्रायव्हरकाका. संपलं कुटुंब.

मावशींनी विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हटलं, आई आणि भाची. भाचीची आई? म्हटलं, माझी ताई, बाळंतपणातल्या तापात गेली. मावशींनी मान हलवली आणि ताटात आणखी एक पोळी वाढली.

५ ऑक्टोबर
साहेबांचा राग नाकावर. उशी उंच झाली तरी ओरडतात, खाली गेली तरी ओरडतात. पण जखम धुताना हूं की चूं नाही.

बाईंचं कौतुक वाटतं. कॅप्सूल पाकिटातून काढून एका काचेच्या डबीत भरून ठेवतात. म्हणाल्या, नाहीतर साहेब पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत बसतात आणि शंका काढतात. मी डबीतून काढायची आणि द्यायची. सोपं आहे.

९ ऑक्टोबर
गुण येत नाही. जखमेच्या कडा काळपट झाल्यात, वास वाढलाय, ताप रोज संध्याकाळी चढतो. डॉक्टर आले होते. गेल्या खेपेला पू तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट दाखवून मला म्हणाले की हे जंतू याच औषधाने मरायला हवेत. डोस चुकतोय का? मी म्हटलं, एकही नाही.

डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलात हलवू. साहेब साफ नाही म्हणाले. डॉक्टर गेल्यावर माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "माझा माल कुठल्या कुठल्या हॉस्पिटलात गेलाय, ते मला माहीत आहे. मी कशाला जाऊ तिथे?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

१३ ऑक्टोबर
आज दुपारी डबी उघडली तर एक कॅप्सूल दमट होऊन फुटलेली. आतली पूड बोटाला लागली. या औषधाचा वास मी झोपेतही ओळखेन, नाकात बसतो अगदी. हिला वासच नाही. जिभेला लावून पाहिली. कडू नाही, काहीच नाही. पीठ चाटल्यासारखं.

दुसरी उघडली. तिसरी उघडली. तेच.

बाई दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, चला, तुम्हाला दाखवते.

गॅरेजमध्ये गाडीच्या मागे छतापर्यंत खोकी आहेत. साहेबांच्या कारखान्यातला माल. पाकिटावर निळ्या पानाचं चित्र.

ते निळं पान मी ओळखते. ताईच्या उशाशी होतं.

१४ ऑक्टोबर
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बाईंनी सगळं सांगितलं, पदर नीट करत, हिशेबी आवाजात.

त्यांना एक मुलगी होती. वसतिगृहात राहायची. न्यूमोनिया झाला, तिथल्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या, निळ्या पानाच्या. मुलीने फोनवर सांगितलं होतं, बाबांचंच औषध आहे, आता काय काळजी! चार दिवसांत गेली. साहेबांनी मातीवरून आल्यावर आंघोळ केली आणि कारखान्यात फोन लावला, त्या भागातला माल परत उचला म्हणून. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आधीपासून.

मावशींचा नवरा तसाच गेला. ड्रायव्हरकाकांचा बापही. कारखान्याच्या फाटकाशी नातेवाईक ओरडायला जमायचे, तेव्हा बाई गाडीतून चेहरे बघायच्या आणि लक्षात ठेवायच्या. त्यात आमचे भावोजीही होते.

"या घरात मी कुणालाच जाहिरात देऊन आणलेलं नाही," बाई म्हणाल्या.

परवा डॉक्टर येणार. त्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा, असं म्हणून बाई मुलीच्या खोलीत जाऊन बसल्या.

१५ ऑक्टोबर
ताई शेवटी शेवटी मला ओळखत नव्हती. बाळ शेजारी रडत होतं आणि ती विचारत होती, कुणाचं आहे हे? आम्ही वेळेवर कॅप्सूल देत होतो. दर वेळी वाटायचं, आता उतरेल ताप.

आज साहेबांनाही तसंच वाटतं. कॅप्सूल घेतली की कपाळावर हात ठेवून मला विचारतात, उतरला का हो?

मी म्हटलं, उतरेल.

असं म्हणताना मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकणार नाही.

१६ ऑक्टोबर
डॉक्टर आले. पुन्हा पुन्हा विचारलं, औषध पोटात जातंय ना? मी त्यांच्या डोळ्यांत बघून हो म्हटलं. ते जाताना म्हणाले, आता सोमवारीच येईन, परगावी चाललोय, अगदीच वाटलं तर हॉस्पिटलात न्या, त्यांचं ऐकू नका.

दुपारी जखमेतलं सडलेलं मांस कापताना साहेबांनी पाय झटकला. कात्री माझ्या बोटात घुसली. हातमोज्यातून आरपार. धुतलं, पट्टी बांधली.

१७ ऑक्टोबर
बोट सुजून टम्म झालंय. ठणका खांद्यापर्यंत. बाईंकडे खऱ्या कॅप्सूल मागितल्या. म्हणाल्या, घरात एकही नाही, मोरीत ओतते मी. काकांना लगेच दुकानात पाठवलं. त्यांनी आणल्या, सुट्ट्या, कागदाच्या पुडीत. दुकानदाराने पाकीट कापून दिलं म्हणे. बाईंनी स्वतः पाणी आणून दिलं. किती करतात माझं.

साहेब बरळतात. मुलीला हाका मारतात. मावशी दाराशी बसून ऐकतात, मांडीवर हात ठेवून, कीर्तन ऐकावं तसं.

१८ ऑक्टोबर
ताप. हाड न हाड दुखतंय. मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ आली आहे. तिचा अर्थ मला कळतो, विष रक्तात चढतंय.

कॅप्सूल चालू आहेत. गुण

गुण येत नाही.

पुडीतली एक उघडली. डाव्या हाताने, दातांनी. पांढरी. वास नाही. चव —

अंगात ताप आहे म्हणून चव लागत नसेल. तसंच असेल.

दुपारी
जिन्यावरून बसत बसत खाली गेले. बाईंना विचारलं. म्हटलं, मी तर गप्प बसले ना! तुमच्यातलीच आहे ना मी!

त्यांनी माझ्या कपाळावरचे केस मागे केले. म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसलात खरं. पण डॉक्टरांच्या डोळ्यांत तुम्ही जरा जास्तच वेळ बघत होतात, मी पाहिलं. आज ना उद्या बोलला असतात."

म्हटलं, हॉस्पिटलात न्या. पाया पडते. म्हणाल्या, साहेब गेले की नेऊ. आधी नाही.

फोनची वायर कापलेली आहे.

शनिवार
साहेब गेले की. म्हणजे ते जायला हवेत. लवकर. आजच.

उशी घेतली आहे. डाव्या हाताने जमेल का? त्यांच्यात आता जोर तो काय उरलाय. माझ्यातही —

ताई, बघ. तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी. पण तुझ्यासाठीही.

खाली जाते.

परत आले

थंड होते. गार. तोंड उघडं. जबडा ताठलेला — सकाळपासूनच, की कालच? मी त्यांच्यावर वाकले, उशी हातात, आणि ते केव्हाचे —

म्हणजे ते गेले होते. आणि मला कुणी सांगितलं नाही.

हाका मारल्या. मावशी नाहीत. देवाशपथ कुणीच नाही. बाईंच्या मुलीच्या खोलीतला फोटो काढून नेलाय, भिंतीवर चौकोन उरलाय.

काचेची डबी साहेबांच्या उशाशी. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीच म्हटलं होतं, एकही डोस चुकला नाही. माझ्या हाताने. माझ्याच

पुढचं दार बाहेरून

गाडी सुरू झाली. खिडकीतून दिसते. बाई मागे बसल्यात, मावशी शेजारी. मी काच वाजवली. वर बघितलं. बाईंनी बघितलं, ओळखीचं हसल्या, हात हलवला, जसा आपण स्टेशनवर

सोमवार कधी आहे? आज

हात उचलत नाही. रेघ काखेत पोचली. कुणी वाचलं तर डॉक्टरांना सांगा, मी नव्हे, मी फक्त हो म्हटलं, मी फक्त