जीप किती उंच करायची

२३ फेब्रुवारी ८६, रविवार

जीप उंच करायची ठरली. मला चहा गाळताना कळलं. दहिसरहून दादाभावजी आले होते (यापुढे दा.भा.; एवढं लांब नाव लिहायची आज इच्छा नाही). माझे थोरले दीर, जीपमधले अर्धे मालक. उरलेली अर्धी माझ्या नवऱ्याची, वसंतची. माझी आणि सासूबाईंची, माईंची, तिच्यात फक्त बसायची जागा.

कारण शिमगा. गावच्या घराअलीकडचा व्हाळ, म्हणजे ओढा, त्या दिवसांत कोरडा असतो, पण नुसते दगड. गेल्या वर्षी एका दगडाला लागून इंजिनचा चेंबर फुटला, सगळं ऑइल गोट्यांवर, आणि गाडी मधोमध बसली. फोर व्हील असून उपयोग झाला नाही, पोटच दगडावर. यंदा गाडी उंच करून माईंना थेट अंगणात उतरवायचं.

"हे सगळं माईसाठी चाललंय, सुमन," असं दा.भा. जितक्या वेळा म्हणाले तितक्या वेळा मी आतल्या खोलीकडे पाहिलं. माई तिथे लसूण सोलत होत्या. दार उघडं होतं. तिथवर कुणी गेलं नाही.

२४ फेब्रु.

काल राग नीट लिहिला नाही.

गेल्या शिमग्याला माईंच्या खुब्यात सळई घालून सहा-सात महिनेच झाले होते. काठी घेऊन सपाटीवर चालत, दगडांतून शक्य नव्हतं. मग भावकीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. लुगडं पोटरीच्या वर सरकलं. एका हाताने त्या ते खाली ओढत होत्या, दुसऱ्याने खुर्ची घट्ट धरलेली. कुणीतरी म्हणालं, "म्हातारी कापसासारखी झाली हा रे." सगळे हसले. वसंतसुद्धा.

माई त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी पडवीत मला म्हणाल्या, "माका परत कोणी उचलूक नको."

मी तेव्हाच वसंतला सांगितलं. तो म्हणाला, म्हातारपणी हे व्हायचंच गं, एवढं मनाला काय लावून घ्यायचं.

काय लावून घ्यायचं. ज्या बाईने आयुष्यभर नवऱ्यापुढेही पदर ढळू दिला नाही, तिने.

२७ फेब्रु.

हट्टाने गॅरेजवर गेले. दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे. मिस्त्रीचं नाव पास्कल, तोंडात सतत लवंग. माझ्याशी बोलताना वसंतकडे बघतो.

तीन रस्ते आहेत म्हणाला. एक, स्प्रिंगला जादा पाटे घालायचे. गाडी दोन इंच उठते, पण ताठ होते, रिकामी असली की बोकडासारखी उडते. दोन, स्प्रिंग आणि आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे. चार इंच उठते, पाटे मऊच राहतात, वळणावर मात्र डुलते. तीन, नुसते मोठे टायर. "चार इंच और बडा टायर, दोनों करो मॅडम. एकदम झकास. रोडवर सगळे वर बघतील."

मी विचारलं, चढायचं कसं?

"हात पकडके. जवान लोग चढते हैं."

खाली पायरी लाव म्हटलं. तर दगडाला पहिली तीच लागणार म्हणाला. ते मात्र खरं.

तिथे कुणाची तरी उंच केलेली जीप उभी होती. पदर खोचला आणि चढून पाहिलं. गुडघा छातीला टेकला. मी त्रेचाळीसची आहे. माझ्या कमरेत सळई नाही. वसंत म्हणाला, "अगं, लोक बघतायत." बघू देत ना. लोकांनी वर बघावं म्हणूनच तर करताय.

परत येताना वसंतला एवढंच म्हटलं, गाडी व्हाळ ओलांडेल, पण माई गाडीत पोचणार कशा? तो म्हणाला, "आम्ही आहोत ना, उचलून ठेवू."

कांदिवलीला घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

२ मार्च, रविवार

आज दोघा भावांत जुंपली, पण भलत्याच गोष्टीवरून. वसंतला जादा पाटे हवेत, दोन इंच. दा.भा.ना ठोकळे, चार इंच, वर मोठे टायर. पाऊण तास इंच इंच चाललं.

खरी गोष्ट दा.भा.च्या तोंडून निसटली. संपात मिल गेल्यापासून ते जीप मढला शूटिंगला भाड्याने देतात. तिथल्या कुणीतरी सांगितलंय, उंच गाडी असेल तर हिरोला देऊ, नाहीतर हवालदाराला. म्हणजे माईंचं नाव पुढे, मागे हिरो.

त्यांचंही पोट आहे, कळतं मला. मिल बंद झाल्यावर दोन वर्षं त्यांनी कुणापुढे हात पसरला नाही. सरळ सांगितलं असतं, भाड्यासाठी करतोय, तर मी एक शब्द बोलले नसते. आईला कशाला पुढे करायचं?

शेवटी काय ठरलं, तर देवीला कौल लावायचा. वसंत, बी.एस्सी. झालेला माणूस, म्हणाला, "हां, ते बरं. मग वाद नको."

५ मार्च

दा.भा. काल एस.टी.ने राजापूरला गेले.

कौल मी पाहिला आहे. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी भिजवलेल्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास धरून बसतात. उजवी कळी आधी पडली की होय, डावी पडली की नाही. मी लग्नाआधी हसायचे असल्या गोष्टींना. लग्नानंतर एकदा तिथे बसले, आणि तो गाभाऱ्यातला गारवा आणि पंचवीस माणसांची शांतता... हसू आलं नाही. आजही देवीवर माझा राग नाही.

राग आहे तो प्रश्न विचारणाऱ्यावर. देवी विचारलं तेवढंच सांगणार.

माईंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाल्या, "तेंका बरा वाटात तां करूंदेत." आणि भिंतीकडे वळल्या.

९ मार्च, रविवार

उजवी पडली. चार इंच.

दा.भा. प्रसादाचा नारळ घेऊन आले, चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद. वसंतने हात जोडले. विषय संपला.

मी म्हटलं, "देवीला विचारलंत. माईंना विचारायला काय झालं होतं? त्या तर एस.टी.शिवाय भेटतात."

दा.भा. माझ्याकडे बघतच राहिले. सतरा वर्षांत त्यांना मी असं बोलले नव्हते. मग वसंतला म्हणाले, "तुझी बायको कथा लिहिते, म्हणून घरात पण डायलॉग मारते काय रे?"

वसंत हसला नाही. पण नारळ माझ्या हातात दिला.

मी स्वयंपाकघरात जाऊन तो फोडला. जोरात.

११ मार्च

जीप पास्कलकडे गेली. चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर चढवली आहे म्हणे, मागचे पाटे सोडलेत. मोठे टायर शनिवारपर्यंत येतील.

दुपारी घरात आम्ही दोघीच. मी माईंवर ओरडले. लिहायला लाज वाटते, पण ओरडले. म्हटलं, मला एकटीला सांगून काय उपयोग, मुलांसमोर गप्प बसता, मग मी भांडते आणि वाईटही मीच होते.

त्या बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिल्या. म्हणाल्या, मुलगे वाईट नाहीत. म्हटलं, मला माहीत आहे ते. मग हळूच: "मिया नको म्हटलंय तर माका हंयच ठेवन जातले. सुमन, माका जावचा आसा गो."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी उचलण्यावर अडून बसले होते. पालखी दारात येते तेव्हा ती खांद्यावर घेतलेल्यांच्या पायांवर पाणी घालायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. सासरे गेल्यावर ओटी जाऊबाईंकडे गेली, हळदीकुंकू गेलं, सगळं एकेक करून गेलं. हे पाणी तेवढं माईंकडे राहिलं. नको म्हटलं तर ते जाणार. हो म्हटलं तर पुन्हा खुर्ची, पुन्हा लुगडं ओढायचं.

चूप बसून त्या दोन्ही वाचवू पाहत होत्या. आणि मी ओरडले.

१४ मार्च

कथा पाठवायची मुदत परवा. चार पानं लिहिली, चारही फाडली. प्रत्येक पुरुष पात्र दा.भा.सारखं बोलायला लागतं.

१६ मार्च, रविवार

आजचं सगळं लिहून ठेवायचं आहे, जसं झालं तसं.

दा.भा. आणि जाऊबाई जेवायला होते. जेवणं झाली. निघायचं कधी, वाटेत थांबायचं कुठे, सगळं चाललं होतं. दा.भा. म्हणाले, माईला चढवायला मी आणि वसंत पुरे, उतरवायला गावात पोरं आहेत.

माई आतून काठी टेकत आल्या. खुर्चीत बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"कौल कसलो घेतलंस?" त्यांनी दा.भा.ना विचारलं.

"गाडयेचो, माई. उजवी पडली."

"गाडयेचो. माझो घेतलंस?"

"तुझो कसलो?"

"म्हातारेक उचलूक व्हयी की नको, ह्यां इचारलंस?"

कौलात एका वेळी एकच गोष्ट विचारायची असते आणि विचारलेल्या गोष्टीपलीकडे काही गृहीत धरायचं नसतं. लहानपणापासून हे दा.भा.ना माईंनीच शिकवलं असणार.

"गाडी उंच करूक देवीची हरकत नाय," माई म्हणाल्या. "पन करूकच व्हयी असा खंय सांगल्यान? आसा तशी ठेव. आसा तशीत मिया माझ्या पायान चढतंय. व्हाळाच्या अल्याड उतरतंय. थंयच बसतंय."

"आणि पालखी?" वसंतने विचारलं.

"पालखी थंयसर हाडा."

मग दा.भा. अगदी मऊ आवाजात म्हणाले, लहान मुलाला समजवावं तसं, "माई, पालखी व्हाळ ओलांडणा नाय. कधी ओलांडूक नाय."

"कधी कोणी इचारला?"

जाऊबाई, सतरा वर्षांत दा.भा.समोर एक वाक्य स्वतःहून न बोललेली बाई, म्हणाली, "खरंच हो. कुणी विचारलंच नसेल." दा.भा.नी तिच्याकडे असं पाहिलं की गॅसवरचं दूध उतू जातंय असं सांगून ती आत पळाली. गॅसवर काही नव्हतं.

मग खूप वाद झाला. मानकरी काय म्हणतील, गाव हसेल, मढची तारीख घेतलीय, पास्कलने पाटे सोडलेत. माई उभ्याच. सगळा भार काठीवर टाकलेला, मला दिसत होतं. खुर्ची पुढे करावीशी वाटली, केली नाही.

दा.भा. शेवटी म्हणाले, "ह्येका कौल लावूक व्हयो."

"लाव," माई म्हणाल्या. "पन ह्या खेपेक इचारतलंस काय, तां माका म्हणान दाखय."

आणि त्यांनी पालखी व्हाळाअलीकडे आणायचा प्रश्न मोठ्या मुलाकडून दोनदा म्हणून घेतला. पहिल्यांदा त्यांनी 'आमच्या आईसाठी' असं घातलं, ते माईंनी काढायला लावलं. 'थोरल्या बायच्या मानासाठी' असं घालायला लावलं.

सगळे गेल्यावर वसंतने मला विचारलं, "गेल्या वर्षी मी हसलो होतो?" म्हटलं, हो. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी मागे गेले नाही. माझा राग अजून आहे. थोडा जागचा हलला, एवढंच.

१८ मार्च

दा.भा. काल पुन्हा एस.टी.ने गेले. जाताना स्टँडवरून वसंतच्या ऑफिसात फोन, फक्त पास्कलला थांबायला सांग एवढाच.

वसंतने सांगितलं नसणार, कारण सकाळी शेजारच्या फोनवर पास्कलच आला. मीच घेतला.

"मॅडम, ठोकळे डालू की पुराना फिट करू? गाडी हफ्ते भर से हवा में है. मेरा आधा गॅरेज खा गई."

म्हटलं, उत्तर आलं नाही अजून.

"किसका उत्तर?"

देवीचं, म्हटलं.

पलीकडे लवंग चावल्याचा आवाज. मग, "अच्छा. उनका फोन आयेगा तो बोलना, शनिवार से मेरे पास दूसरी गाडी है."

मढवाल्यांचाही निरोप येऊन गेला. दा.भा.चं भाडं बहुतेक जाणार. त्याचं मला वाईट वाटतं आणि वाईट वाटतं याचा पुन्हा राग येतो.

दुपारी माईंच्या पायाला तेल लावताना विचारलं, "डावी पडली तर?"

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "तर तिका सांगतलंय, बाय, यंदा तुझ्या पोरांचे पाय कोरडेच र्‍हवले. माझ्यार रागाव नको. मियाच तुझ्यार रागावलंय."

"आणि गाडी?"

"गाडयेक काय," त्या म्हणाल्या. "तिका कोणीय उचलूंदेत."

मी दुसरा पाय मांडीवर घेतला. दा.भा. अजून तिथेच असतील. आज मंगळवार, देवीचा वार, गुरव संध्याकाळच्या आरतीनंतर कळ्या लावेल.