सुळ्यापुरती जमीन

॥ खंडेराव पावो ॥
पारगाव, ता. आंबेगाव
३ नोव्हेंबर २००३

चि. सौ. भागूस आबाचे व आईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. प्रांजलला आज गेणभाऊच्या सोबतीनं बेल्ह्याच्या एसटीत बसवून दिली आहे. हे पत्र तिच्या दप्तरात, वहीच्या पुठ्ठ्यात आहे. पोरगी दिवाळीचे पंधरा दिवस राहिली तर तुझी आई दहा वर्षांनी तरणी झाल्यागत घरभर फिरत होती. आता परत गुडघे धरून बसली आहे.

आता कामाचं. श्रावणात तू आलीस तेव्हा मी पोरीला पेरू दिला आणि तिनं चावा घेतलेल्या जागेकडं बघत बसलो. तू हसलीस, म्हणालीस की आबा नातीलाही मेंढरू समजतात. हसलीस ते ठीक, पण उभा जन्म मेंढरांची तोंडं उघडून दोनदाती कोण अन् चारदाती कोण हेच बघत आलोय, डोळ्याची सवय जात नाही. पोरीचे वरचे दात खालच्या दातांच्या आत पडत होते. म्हणून या सुट्टीत तिला पुण्याला दातांच्या दवाखान्यात नेली.

डॉक्टरीणबाई लई समजूतदार आहेत. त्यांनी मऊ लगदा कालवून वरच्या जबड्याचा ठसा घेतला, त्यात प्लास्टर ओतून साचा केला आणि तो माझ्या हातात दिला. म्हणाल्या की आजोबा, जन्मतः दुभंगलेला ओठ सहाव्या महिन्यात शिवला, दीड वर्षाची असताना टाळू शिवली, दोन्ही कामं चांगली झालीत. पण शिवणीची जागा कडक राहते. पोर वाढतं, खालचा जबडा वाढतो, वरच्याला मात्र ती शिवण आतल्या आत धरून ठेवते. मला चटकन उमगलं. दोन पट्ट्या जोडून शिवलेली घोंगडी धुतली की शिवणीपाशी आटून चुणी पडते, तसंच हे. दातांची ओळ घोड्याच्या नालासारखी रुंद हवी, हिची चिमट्यासारखी झालीय.

दुसरं म्हणजे, जिथं फट होती तिथं हिरडीच्या आत हाडच नाही, आणि नेमका त्याच जागी वरून सुळा उतरतोय. आधी ओळ रुंद करायची, मग कमरेचं थोडं हाड घेऊन फटीत भरायचं, आणि हे सगळं सुळा बाहेर पडायच्या आत. हाडात उतरला तर तो रुजतो. हाडावाचून आला तर तो तर जाईलच, शेजारच्या दाताचाही भरवसा नाही. आपल्या हातात वर्ष, फार तर सव्वा वर्ष आहे.

पोरीच्या तोंडात गुलाबी पट्टी बसवलीय, तिच्या मधोमध बारीक स्क्रू आहे. त्याची किल्ली दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातली आहे. बाणाच्या दिशेनं पाव फेरा द्यायचा, त्यानं ओळ केसभर रुंदावते. हे काम आठवड्याचं आहे. मेंढरांमागं फिरताना तारखा कोण बघतंय, म्हणून सोपं करून सांगतो : बाजाराच्या बाजारी किल्ली फिरवायची.

सयाजीरावांना आणि विहीणबाईंना रामराम. लोभ आहेच, मेंढरांमागं धावताना तो सांडू नये.

तुझा आबा,
जानकू


जुन्नर
३० नोव्हेंबर २००३

ति. आबा व आई यांच्या पायांवर डोकं ठेवून भागूचा नमस्कार.

वि. वि. पोस्टाच्या बंद दारापुढं पायरीवर बसून लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर पायरीला नावं ठेवा, मला सातवीपर्यंत शिकवणाऱ्या गुरुजींना नको. आपला मेंढरांचा वाडा ओतूरच्या अलीकडं एका बागायतदाराच्या रानात बसलाय. अकरा मेंढ्या व्यायल्या, एकीला जुळं झालं. काळ्या तोंडाची यंदाही भाकड राहिली. सासूबाई म्हणतात विका, हे म्हणतात राहू द्या, आणि मेंढी दोघांचं ऐकत उभी असते.

तुमची किल्ली मी विसरले नाही. यंदा घोंगड्या विकायला मीच बाजार करतेय. सोमवारी बेल्हं, गुरुवारी ओतूर, रविवारी जुन्नर. एकही बाजार चुकवला नाही. घोंगड्या मांडायच्या आधी पोरीला आ करायला लावते, पाव फेरा देते, मगच धंद्याला बसते. शेजारचा मिरच्यावाला विचारत होता की वयनी, पोरगी किल्ली दिल्यावर चालती का काय.

फरकही दिसतोय. पुढच्या दोन दातांत ज्वारीचा दाणा मावेल एवढी फट पडलीय. फक्त आठ दिवसांपासून नाकाच्या मुळाशी ठणकतं म्हणते आणि भाकरी दुधात भिजवून खाते. सासूबाईंचं चालूच आहे की देवानं ओठ जुळवून दिला, आता त्या तोंडात आनखी काय उकरताय. मी म्हटलं, आबांनी सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार.

आम्ही आता मढाकडं सरकतोय. पत्र मढला सरूबाईच्या चहाच्या दुकानावर टाका. तुमची माया आहे तशी राहो, थंडीत थोडी वाढली तरी चालेल.

तुमची,
भागू


पारगाव
३ डिसेंबर २००३

चि. सौ. भागूस आशीर्वाद.

हे पत्र हाती पडलं की आधी पोरीच्या गळ्यातली किल्ली काढून ठेव, मग पुढं वाच.

तुझं पत्र तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. सोमवार, गुरुवार, रविवार म्हणताना जीभ अडखळली. आठवड्याला एक फेरा द्यायचा तिथं तीन झाले, पोरी. महिन्यात चारच्या जागी अकरा-बारा. तू चुकली नाहीस, सांगितलं तसंच केलंस. चुकलो मी. बारा वर्षं मी इथं एका जागी बसलोय, मला बाजार आठवड्यानं एकदाच भेटतो. फिरत्या वाड्याला तो तिसऱ्या दिवशी भेटतो, हे जन्मभर तेच केलेला माणूस विसरून गेला. मला शहाणा म्हणणाऱ्यांनी आता दुसरा शहाणा बघावा. तुझी आई दुपारपासून बोलत नाही. एकदाच बोलली की बाईंनी एवढं नीट सांगितलं व्हतं, त्यात तुमाला बाजार कुणी घालाया लावला व्हता.

कारखान्यासमोरच्या एसटीडीवरून बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या की पट्टी काढू नका, फेरा मात्र अजिबात देऊ नका, आणि आठवड्याभरात पोरीला घेऊन या. हाड सरकायच्या आत ओळ ओढली की दात नुसते बाहेर कलतात, आणि टाळूची जुनी शिवण उसवायची भीती असते. पाणी पिताना ते नाकातून येतंय का, एवढं बघ आणि नीघ.

माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर तो तुझा हक्क आहे.

आबा


मढ
९ डिसेंबर २००३

ति. आबांस नमस्कार.

किल्ली काढली. पाणी नाकातून येत नाही. तीनदा पाजून बघितलं, चौथ्यांदा पोरगीच रागावली. गुरुवारच्या एसटीनं आम्ही दोघी येतोय. आईला सांगा, आबांशी बोलायला लाग. जो करतो तोच चुकतो. बाकीच्या कुणी पोरीचं तोंड उघडून बघितलंसुद्धा नव्हतं, मीही नाही.

लोभ कमी झालेला नाही, भ्यायला आहे एवढंच.

भागू


पारगाव
२० फेब्रुवारी २००४

चि. सौ. भागूस आबाचे व आईचे आशीर्वाद.

वि. वि. तू पोरीला आमच्यापाशी ठेवून गेलीस त्याला दोन महिने झाले. जाताना तू मागं वळून बघितलं नाहीस. प्रांजलनं मात्र एसटी वळेपर्यंत हात हलवला. आता इथल्या शाळेत चौथीत बसते. एका पोरानं गेंगाण्या आवाजावरून चिडवलं तर तिनं त्याला सांगितलं की माझ्या तोंडात स्क्रू हाय, तुझा तर ढिलाच हाय. मास्तर माझ्याकडं तक्रार घेऊन आले आणि हसत गेले.

काल पुण्याला जाऊन आलो. डिसेंबरात बाई मला रागावल्या होत्या ते तू ऐकलंसच. काल त्यांनी नवा साचा काढला, जुन्याशी ताडून बघितला आणि म्हणाल्या की टाळू शाबूत आहे, दात थोडे कलले होते ते फेरे थांबवल्यावर सावरलेत. रुंदी हवी तेवढी मिळाली. आता पुढचं काम, फटीत हाड भरायचं. एक्सरेत सुळा फटीच्या वर टांगल्यागत दिसतो. बाईंनी १२ एप्रिल हा दिवस धरलाय. वर्षभर थांबलं तर तो हाडावाचून खाली येईल. सही आई-बापाची लागते, तर दोघं या.

घाटाखाली ऊन वाढलं असेल, जिवाला जपा. लोभ ठेवा आणि होकार धाडा.

आबा


टोकावडे
६ मार्च २००४

ति. आबांस भागूचा नमस्कार.

हे नाही म्हणतात. रागानं नाही म्हणत, म्हणून मला भांडताही येत नाही. ओठाच्या ऑपरेशनानंतर पोरीनं टाके ओढू नयेत म्हणून तिच्या कोपरांना पुठ्ठे बांधले होते. ते चार दिवस मी तापानं पडले होते आणि तिला यांनी धरलं होतं. ती हात वाकवायला बघायची, यांच्या तोंडाकडं बघून रडायची. आजवर ते कधी बोलले नव्हते, तुमचं पत्र वाचून दाखवल्यावर बोलले. म्हणाले की दोनदा माझ्या हातानं तिला त्यांच्या हवाली केली, आता पोरगी जेवती, बोलती, हसती, तिसऱ्यांदा न्हाई. दात काय, म्हातारपणी समद्यांचेच जातात, हिचा एक आदी जाईल.

आणखी एक म्हणाले ते लिहू नये, पण लिहिते. आबांच्या शब्दावर गेलो तवा बारा फेरे झाले, असं म्हणाले.

त्यांना डावलून मी एकटी सही करणार नाही. तुम्ही मला समजून घ्या, लोभ तोडू नका.

भागू


पारगाव
१४ मार्च २००४

रा. रा. सयाजीराव यांस जानकूचा रामराम.

हे पत्र भागू वाचून दाखवील, तिनं एकही ओळ गाळू नये.

तुम्ही बोललात ते खरं आहे. माझ्या शब्दावर येऊ नका. माझा शब्द एकदा पोरीला दुखवून गेलाय. पुठ्ठ्यांचं मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं पोरीला मीच तेवढा बघतो.

डॉक्टरीणबाईंच्या कपाटात प्रांजलच्या जबड्याचे तीन साचे आहेत. ते मुके आहेत, ते तुम्हाला गळ घालणार नाहीत. तुम्ही डोळे मिटून मेंढराच्या तोंडात अंगठा फिरवता आणि वय सांगता, बाजारात व्यापारी पैजा हरतात. तोच अंगठा घेऊन एक दिवस पुण्याला या. साचे चाचपून बघा. त्यानंतरही नाही म्हणालात तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. पोरगी तुमची आहे.

एरवी पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. या खेपेला एक दिवस मागतो.

जानकू


पुणे
१६ एप्रिल २००४

चि. सौ. भागूस अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन सोमवारी झालं, पोरगी बरी आहे. हे आधी लिहिलं, आता बाकीचं सावकाश वाच. कोकरांपायी तुला येता आलं नाही, म्हणून सगळं सांगतो.

सयाजीराव आले, तो दिवस मी विसरणार नाही. बाईंनी टेबलावर तीन साचे मांडले, दिवाळीतला, डिसेंबरातला, फेब्रुवारीतला. त्या समजावायला लागल्या तर जावईबापू म्हणाले की बाई, जरा गप ऱ्हावा. मी कपाळाला हात लावला. त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्या साच्यावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्यावरून. डिसेंबरातल्या दातांवर थांबून म्हणाले की हे भायेर ढकललेत. मी मान खाली घातली. तिसऱ्यावर म्हणाले की हे निवाले. मग तोच साचा परत घेतला. उजवीकडून अंगठा सरळ आला आणि डाव्या बाजूला खड्ड्यात गेला. तो तिथंच दाबून बराच वेळ बसले. म्हणाले की हितं तर जमीनच न्हाई, दात उभा कशावर ऱ्हाणार. बाई म्हणाल्या, हेच सांगायला मी तोंड उघडलं होतं.

मग त्यांनी एकच विचारलं, हात बांधणार का. बाई म्हणाल्या, नाही, ती आता मोठी आहे, तिला सांगितलेलं कळतं. तू शिकवलेली सही त्यांनी केली. ‘सयाजी’ची वेलांटी तेवढी कागदाबाहेर गेली.

तोंडापेक्षा कंबर जास्त दुखते म्हणते. लंगडत चालते आणि बापाला नर्सबाईंसमोर हुकूम सोडते. खुर्ची असताना तिला खिडकीपर्यंत कडेवर नेण्याची गरज नाही, पण कोण ऐकतंय. भरलेलं हाड धरलं का विरघळलं, ते सहा महिन्यांनी कळेल. कधी कधी विरघळतं, हे बाईंनी लपवलं नाही, मीही लपवत नाही.

आमच्याकडून सगळ्यांना नमस्कार. लोभाची काळजी नको, तो इथं खाटेभोवती गर्दी करून उभा आहे.

आबा


पारगाव
१७ एप्रिल २००५

ति. आई व बापू यांना प्रांजलचा साष्टांग नमस्कार.

पाचवीची परीक्षा संपली. इतिहास सोपा गेला, गणित आलं तेवढं लिहिलं. आजा म्हणाला की हे पत्र तूच लिही, मी फक्त पाकीट चिकटवीन.

हाडानं धरलं हे आज्यानं तुम्हाला दिवाळीत सांगितलंच होतं. त्यानंतर सुळा काही येईना. आजी रोज दारातल्या उजेडात माझं तोंड वर करून बघायची आणि न्हाई म्हणून चहा ठेवायची. गेल्या मंगळवारी बघितलं आणि चहा ठेवायचाच राहिला. हिरडीतून पांढरं टोक आलं होतं. आज्यानं चष्मा लावून बघितलं तर त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, वाकडा आलाय.

मग आम्ही पुण्याला गेलो. बाईंनी फोटो काढला आणि आज्याला दाखवला. म्हणाल्या की वाकडा दात तार लावून सरळ होतो, त्याचं काही नाही, पण बघा, मूळ सगळं हाडात आहे. आज्यानं तीनदा विचारलं, सगळं का. त्या तीनदा हो म्हणाल्या. अजून जबडा वाढायचा आहे, म्हणून मी सतरा-अठरा वर्षांची होईपर्यंत दरवर्षी साचा काढायचा. तेव्हा कदाचित आणखी एक ऑपरेशन करावं लागेल, कदाचित नाही. मी विचारलं तोवर काय करायचं. बाई म्हणाल्या, सहावीत जायचं.

मे महिन्यात तुम्ही घाट चढून वर आलात की आधी इकडं या. आजीला सांगून ठेवलंय. तुमचा लोभ मला पुरतो, पण येताना या खेपेचं एक कोकरूही आणा.

बापू, तुम्ही आल्या आल्या अंगठा लावून बघणार हे मला माहीत आहे. आधी साबणानं हात धुवा. आणि हळू. आता तो चावतो.

तुमची,
प्रांजल