धवल्याची टेप

अंबरनाथ, ता. ६ फेब्रुवारी १९५६

ती. अक्कास श्यामकांतचा शि. सा. न. वि. वि.

तुझी तिळाची वडी पोचली, दात अजून शाबूत आहेत. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या लछमनदास साईंनी त्यांचा टेप रेकॉर्डर शनिवारपर्यंत वापरायला दिलाय. ट्रंकेएवढं धूड! हमालाने माझी सात कुळं उद्धरली.

कारखान्याच्या क्लबात मी 'ध्वनी, यंत्र आणि संस्कृती' असा प्रयोग जाहीर करून बसलोय. अर्थ मलाही विचारू नकोस. त्यात तुझ्या भाजीवाल्या मोतीबाईचे धवले, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नातली गाणी, ऐकवायची आहेत. तिच्या गावात वीज नाही, तेव्हा तिला गाडीत बसवून माझ्या क्वार्टरवर धाड. टेप झाली नाही तर साहेबापासून शिपायापर्यंत सगळे माझी रेवडी उडवतील. शब्द उतरवायला शाळेतल्या मास्तरीणबाई, उमा कर्णिक, येणार आहेत. हसू नकोस.

तुझ्या शिव्यांवर वाढलेला,
श्यामकांत

बदलापूर, ता. ८

चि. श्यामकांत यास अ. उ. आ.

हसले. पोट दुखेपर्यंत हसले. मोतीबाई उद्या निघतेय, पण तिची अट आहे. पाटावर नवरा-नवरी बसल्याशिवाय ती धवल्याचा शब्द तोंडातून काढणार नाही. नुसत्या डब्यापुढे काय गायचं, त्या डब्याचं लग्न आहे का, असं मलाच विचारत होती.

मी दाखवलेल्या अकरा मुली नाकारल्यास, आता डब्यापायी तरी पाटावर बस. आणि उमाबाईंसमोर फाटका बनियन घालू नकोस.

तुझ्या काळजीने (वजन सोडून) अर्धी झालेली,
अक्का

अंबरनाथ, ता. १०

ती. अक्कास शि. सा. न.

सत्यानाश झाला! आयत्या वेळी कोणी नवरा-नवरी व्हायला तयार होईना. शेवटी उमाबाई म्हणाल्या की अभ्यासासाठी त्या बसतील. मी यंत्र चालू केलं, लाल दिवा पाहिला आणि मुकाट शेजारच्या पाटावर बसलो. मोतीबाईने हळद फासली आणि तासभर गायली. अक्का, काय गायली गं! माझे डोळे भरून आले, तर हळद गेली म्हणून सांगितलं.

नंतर टेप लावली तर आधी माझं खणखणीत हॅलो हॅलो, मग मोतीबाईची अर्धी ओळ, खट्, आणि पुढे साफ कोरी! पुन्हा गा म्हटलं तर म्हातारी भडकली. एका जोडप्याचं लग्न ती दोनदा लावत नाही म्हणे. बायको गुणाची आहे, सांभाळ, असं बजावून निघून गेली. उद्या यंत्र परत जाणार. क्लबात काय माझं हॅलो ऐकवू?

आणि उमाबाईंना तोंड कसं दाखवू? खरं सांगतो, मला त्या पाटावरून उठावंसंच वाटत नव्हतं.

पिवळा पडलेला,
श्यामकांत

अंबरनाथ, ता. १४

ती. सुहासिनीताई यांस कृ. सा. न. वि. वि.

आपल्या भावाच्या यंत्राला नक्की काय झालं, असं आपण विचारलंत. खोटं लिहवत नाही. यंत्र माझ्या पाटाशेजारीच होतं. मोतीबाई माझं नाव गुंफून गाऊ लागल्या, आणि हे क्लबात चहा-बिस्किटांबरोबर कोणी ऐकू नये असं मला वाटलं. पायाच्या अंगठ्याने मीच बटण दाबलं. त्यांच्या प्रयोगाचं वाटोळं केलं याची लाज वाटते, पश्चात्ताप मात्र होत नाही.

भरपाईही केली आहे. सोमवारी कारखान्याच्या चाळीत सदू शिपायाचं लग्न आहे. तिथे वीज आहे आणि खरी नवरा-नवरी आहेत. मोतीबाई तयार आहेत, सदूची हरकत नाही, आणि साईंना यंत्रासाठी मीच पुन्हा गळ घातली. टेप होईल.

आपल्या भावाने मात्र अजून काही विचारलेलं नाही. मला पाहिलं की चष्मा पुसत बसतात. तेव्हा पुढच्या पत्रात मी आपल्याला ताई लिहू की वन्सं, तेवढं त्यांना विचारून कळवावं.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
उमा